जुन्या डॉज एम३७ मध्ये टू-स्ट्रोक डिट्रॉइट डिझेल बसवायचंय? नवख्यांसाठी सगळं पायरी पायरीने

अमेरिकेत राहणाऱ्या आणि जुन्या फोर बाय फोरचा नाद असलेल्या आपल्या लोकांकडून हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो, की बाबा एम३७, म्हणजे डॉजचा जुना लष्करी ट्रक, मिळालाय, मूळचं पेट्रोल इंजिन गेलंय, आणि जवळच एका लाकूडवाल्याकडे ४-५३, म्हणजे चार सिलिंडरचं डिट्रॉइट डिझेल, पडलंय, तर बसेल का? बसतं. इथे लोक वर्षानुवर्षं बसवत आलेत आणि त्या गाड्या डोंगरातून, चिखलातून छान चालतात. पण बहुतेक जण उलट्या क्रमाने काम करतात, म्हणजे आधी इंजिन उचलून आणायचं, चासीवर टेकवून बघायचं, वेल्डिंग मारायचं आणि मग गिअरचं गणित करायचं. क्रम सुलटा ठेवला तर हा स्वॅप, म्हणजे इंजिनाची अदलाबदल, एका मेहनती माणसाला त्याच्या गॅरेजमध्ये जमतो, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

आधी हे इंजिन काय आहे ते नीट समजून घ्या. आपल्याकडे टू-स्ट्रोक म्हटलं की आरएक्स १०० नाहीतर जुनी बजाज डोळ्यासमोर येते, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं आणि मागे निळा धूर. यात तसलं काही नाही. ऑइल खाली संपमध्येच, म्हणजे इंजिनाच्या तळच्या भांड्यातच असतं, डिझेलमध्ये काही मिसळायचं नाही. सिलिंडरच्या लायनरला, म्हणजे आतल्या नळीला, मधल्या उंचीवर गोल भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली आला की ती उघडतात, बाजूला बसवलेला ब्लोअर त्यातून हवा आत ढकलतो, त्याच वेळी वरच्या हेडमधले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडे असतात आणि जळलेला वायू वरून निघून जातो. इनटेक व्हॉल्व्ह नाहीतच. मग पिस्टन वर येताना हवा दाबली जाते, इंजेक्टर डिझेल सोडतो आणि क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडर पेटतो, म्हणून चार सिलिंडरचं इंजिन आवाजाला आठ सिलिंडरसारखं वाटतं. ब्लोअर इथे जास्तीची ताकद मिळवायला नाहीये, त्याच्याशिवाय हे इंजिन श्वासच घेऊ शकत नाही. ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांवर बॉनेटच्या बाहेर आलेला जो मोठा ब्लोअर दिसतो ना, ६-७१ वाला, तो मूळचा याच घराण्यातल्या ट्रक इंजिनाचा.

घराणं जनरल मोटर्सचं. ७१ सिरीज आली १९३८ मध्ये, धाकटी ५३ सिरीज १९५७ मध्ये. आकडा म्हणजे एका सिलिंडरचं माप, घनइंचात. ४-५३ म्हणजे चार सिलिंडर, प्रत्येकी ५३ घनइंच, एकूण २१२ घनइंच, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. भारतातल्या वाचकांनी डब्ल्यूडीजी-४ किंवा डब्ल्यूडीपी-४ रेल्वे इंजिन ऐकलं असेल, त्यातलं ७१० इंजिनही जनरल मोटर्सच्याच रेल्वे इंजिन शाखेचं, तेही टू-स्ट्रोक डिझेल आणि तिथेही ७१० हे एका सिलिंडरचंच माप घनइंचात.

पहिली पायरी: कुठलं इंजिन घ्यायचं

एम३७ हा पाऊण टनी लष्करी ट्रक, १९५१ ते १९६८ या काळातला, मूळचं इंजिन २३० घनइंची फ्लॅटहेड सिक्स, म्हणजे जुन्या धाटणीचं सहा सिलिंडरचं, ७८ हॉर्सपॉवर. त्या जागी बसायला ५३ सिरीजमधली दोन इंजिनं योग्य.

एक ३-५३. हे गामा गोट नावाच्या लष्करी सहाचाकीत, म्हणजे एम५६१ मध्ये यायचं, १०३ हॉर्सपॉवर. त्याचा एक मोठा फायदा म्हणजे तेही २४ व्होल्टवर आणि एम३७ ची वायरिंगही २४ व्होल्ट, म्हणजे स्टार्टर, अल्टरनेटरचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. दुसरं ४-५३, साधारण १३० हॉर्सपॉवर, टॉर्क २७० पौंड-फुटाच्या आसपास. हे जंगलातून ओंडके ओढणाऱ्या स्किडरमध्ये, जनरेटरमध्ये, फोर्कलिफ्टमध्ये, बोटीत, सगळीकडे होतं, त्यामुळे आजही मिळतं. वजन मात्र ५०० किलोच्या घरात, हे लक्षात ठेवा. माझं मत विचाराल तर पहिल्याच स्वॅपला ३-५३ घ्या. लांबीला आखूड, पुढच्या ॲक्सलवर भार कमी, आणि मूळ इंजिनापेक्षा ताकद आहेच. हायवेवर रोज जायचं असेल किंवा ट्रेलर ओढायचा असेल तरच ४-५३.

६व्ही५३ हे एम११३ए१ या चिलखती लष्करी गाडीतलं असतं, मोह होतो, पण नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि ७१ सिरीज या गाडीसाठी फारच जड.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी इथेच सांगतो, महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपमध्ये हे घालायचा विचार करू नका. अख्खी जीपच टनभर वजनाची, तिच्या नाकावर अर्धा टन लोखंड टाकलं तर ना स्टेअरिंग राहील ना ब्रेक, शिवाय इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते ते वेगळंच.

दुसरी पायरी: बिल्ला वाचा, पैसे नंतर द्या

मॉडेल नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि बऱ्याचदा व्हॉल्व्ह कव्हरवरच्या पट्टीवरही असतो. समजा ५०४३ ने सुरू होतो. पहिला ५ म्हणजे ५३ सिरीज, ०४ म्हणजे सिलिंडर, आणि पुढचा ३ म्हणजे औद्योगिक वापर. तिथे २ असेल तर बोटीतलं, ७ असेल तर गाडीतलं. हा एक आकडा तुमचं बरंच काम हलकं करतो, कारण बोटीतल्या इंजिनाला पाण्याने थंड होणारा मॅनिफोल्ड, वेगळं ऑइल पॅन, वेगळा फ्लायव्हील असा सगळा जामानिमा असतो आणि तो सगळा बदलावा लागतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे फिरायची दिशा. ही इंजिनं उजवी आणि डावी अशी दोन्ही दिशांना फिरणारी बनवायचे, कारण दोन इंजिनांच्या बोटीत एक एका बाजूला आणि दुसरं उलट फिरवायचं असतं. मॉडेल नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकातल्या तक्त्यात बघितलं की आर किंवा एल असं अक्षर मिळतं. आपल्याला आर पाहिजे, म्हणजे पुढून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. एल वालं इंजिन गाडीत घातलंत तर रिव्हर्सचे चार गिअर आणि पुढे जायला एक, असं होऊन बसेल. दिशा बदलता येते, पण त्यासाठी इंजिन पूर्ण खोलावं लागतं, म्हणून स्वस्तात मिळतंय म्हणून एल वालं घेऊ नका.

तिसरी गोष्ट गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग. त्याच्या पट्टीवर डी.डब्ल्यू.-एल.एस. असेल तर तो लिमिटिंग स्पीड, म्हणजे फक्त आयडल (पाय न दाबता चालतं तो कमीत कमी वेग) आणि कमाल वेग सांभाळतो, मधलं सगळं तुमच्या पायाच्या हातात. गाडीला हाच पाहिजे. एस.डब्ल्यू.-व्ही.एस. असेल तर तो व्हेरिएबल स्पीड, जनरेटर आणि पंपासाठीचा, जो आरपीएम लावाल तो धरून ठेवतो. तो ठेवून गाडी चालते, पण पाय जरासा हलवला की इंजिन एकदम पूर्ण डिझेल मागतं, गाडी हिसके देते, आणि खडकावरून हळूहळू उतरताना हे फार त्रासदायक होतं. गव्हर्नर बदलता येतो, तेवढे पैसे भावातून कमी करून मागा.

तिसरी पायरी: भोकातून आत बघा

या इंजिनाची ही गोष्ट मला फार आवडते. हेड न काढता, पॅन न काढता तुम्ही पिस्टन आणि रिंगा डोळ्यांनी बघू शकता. ब्लॉकच्या बाजूला एअरबॉक्सची, म्हणजे लायनरभोवतीच्या हवेच्या पोकळीची, झाकणं असतात, ती दोन-चार बोल्ट काढून उघडा. आत टॉर्च मारली की लायनरचे पोर्ट दिसतात. आता क्रँक पान्याने हळूहळू फिरवा, पिस्टन पोर्टसमोरून वर खाली जाताना दिसेल. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे आहेत का बघा. मग रिंगा समोर आल्या की लाकडाची बारीक काडी घेऊन एकेक रिंग आत दाबा. दाबली की आत जाऊन परत बाहेर आली पाहिजे. दाबली तर हलतच नाही म्हणजे कार्बनने चिकटलीय, आणि दाबल्यावर तशीच आत राहिली किंवा तुकडा हलताना दिसला म्हणजे तुटलीय. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, लायनरला चरा पडेल. प्रत्येक सिलिंडर, प्रत्येक रिंग, घाई करू नका, विकणारा बाजूला उभा राहून घड्याळ बघत असला तरी. एअरबॉक्समध्ये थोडं काळं तेलकट असणं नॉर्मल, पण पाणी किंवा कूलंटचा हिरवा-गुलाबी थर दिसला तर हात जोडून बाहेर पडा.

मग वरून ब्लोअर. हवेचं तोंड आणि जाळी काढून आत बघा. रोटर कोरडे हवेत. टोकांना ओल्या तेलाच्या रेघा असतील तर सील गेलेत. रोटर एकमेकांना किंवा डब्याला घासल्याच्या खुणा असतील तर बेअरिंग गेलेत.

शेवटी व्हॉल्व्ह कव्हर उघडा. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा इंजेक्टर असतो, कॅमवर चालणारा, आणि प्रत्येक इंजेक्टरला एक छोटी दांडी असते, रॅक म्हणतात तिला. ती आत-बाहेर गेली की डिझेल कमी-जास्त होतं. गव्हर्नरपासून एक लांब नळी सगळ्या रॅक एकत्र हलवते. ती हाताने हलवा. लोण्यासारखी हलली पाहिजे आणि सोडल्यावर कुठे अडकायला नको. एक जरी रॅक उघड्या अवस्थेत अडकली असेल तर चालू केल्यावर ते इंजिन सुटणार, म्हणजे आरपीएम वाढतच जाणार, आणि किल्लीने बंद होणार नाही. हे इंजिन बरीच वर्षं पडून असेल तर एखादी रॅक चिकटलेली सापडतेच, ती न तपासता कुणीही स्टार्टर मारू नये.

तिथेच इंजेक्टरला जाणाऱ्या वाकड्या छोट्या पाइपा दिसतील. त्या गळत असतील तर डिझेल सरळ इंजिन ऑइलमध्ये जातं. डिपस्टिक काढून वास घ्या, डिझेलचा वास आला आणि पातळी भरपूर वर दिसली तर तेच झालंय. पुन्हा बसवताना त्या पाइपा टॉर्क पान्याने, पुस्तकात दिलंय तेवढ्याच आवळा, जास्त आवळल्या की तोंडाशी तडकतात.

चौथी पायरी: गिअरचं गणित, हेच खरं काम

या इंजिनाचा कामाचा पट्टा अरुंद आहे, साधारण १५०० ते २८०० आरपीएम. त्याच्या वर गव्हर्नर जाऊ देत नाही, आणि खाली जास्त वेळ ओढायला लावलं तर काळा धूर आणि गरम होणं सुरू. म्हणून गाडीचा वेग आणि प्रत्येक गिअरमधलं अंतर आधी कागदावर मांडा.

सूत्र सोपं आहे, आरपीएम गुणिले टायरचा व्यास इंचात, भागिले (३३६ गुणिले एकूण रेशो), उत्तर मैल ताशी. एम३७ चा ॲक्सल रेशो ५.८३. ९.००-१६ चे टायर साधारण ३४.५ इंच. मूळच्या चार स्पीड गिअरबॉक्सचा टॉप डायरेक्ट, म्हणजे १. तर २८०० ला उत्तर येतं ४९ मैल, म्हणजे ताशी ७९ किलोमीटर. तेही इंजिन पूर्ण किंचाळत असताना. शेतात, जंगलात फिरायला हे पुरे आहे आणि मूळचा गिअरबॉक्स ठेवून स्वॅप सगळ्यात सोपा होतो. पण हायवेला लागायचं असेल तर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे १ पेक्षा कमी रेशोचा गिअर, लागणार.

त्यासाठी मी एनव्ही४५०० सुचवतो, नव्वदच्या दशकातल्या शेवरोले, जीएमसी आणि डॉज पिकअपमधला पाच स्पीड. रेशो ५.६१, ३.०४, १.६७, १ आणि ०.७३. आता बघा, २८०० ला गिअर बदलला तर पहिल्यातून दुसऱ्यात इंजिन साधारण १५१५ वर येतं, दुसऱ्यातून तिसऱ्यात १५४० वर, तिसऱ्यातून चौथ्यात १६७५ वर, चौथ्यातून पाचव्यात २०४५ वर. म्हणजे प्रत्येक वेळी कामाच्या पट्ट्यातच पडतं. हे बघूनच गिअरबॉक्स निवडायचा, लोक नुसता टॉप स्पीड बघतात आणि मग चढावर दोन गिअरच्या मध्ये लटकतात. पाचव्यात २४०० आरपीएमला ५८ मैल मिळतात, एम३७ ला यापेक्षा जास्त पळवायचं कारण नाही. आणि खालच्या बाजूला पहिला ५.६१, ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या डब्याचा) लो १.९६, ॲक्सल ५.८३, गुणाकार ६४ च्या पुढे, खडकाळ चढावर आयडलच्या थोडं वरही गाडी आरामात सरकते.

एम३७ चं एक सुख असं की ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, मध्ये छोटा शाफ्ट आहे. गिअरबॉक्स लांब आखूड झाला तर तो शाफ्ट कापून बॅलन्स करून घ्यायचा, बाकी मागचं काही हलवायचं नाही. एनव्ही४५०० च्या फोर बाय टू मॉडेलचा मागचा भाग इथे उपयोगी पडतो. आणि त्यात जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल घालू नका, आतल्या पितळी भागांना ते चालत नाही.

पाचवी पायरी: इंजिन आणि गिअरबॉक्सची गाठ

डिट्रॉइटच्या मागे एसएई मापाचं, म्हणजे ठरलेल्या अमेरिकन प्रमाण मापाचं, फ्लायव्हील हाऊसिंग असतं. आपल्याला ३ नंबर मिळालं तर उत्तम, बारा बोल्ट, बसायचं तोंड १६ पूर्णांक १/८ इंच. २ नंबरचं तोंड १७ पूर्णांक ५/८. टेप नाही, व्हर्नियर घेऊन मोजा. या मापांना जोडणारे अॅडॉप्टर तयारही मिळतात, नाहीतर चांगल्या मशीन शॉपमधून करून घ्या.

अॅडॉप्टर लावला म्हणजे झालं असं नाही. फ्लायव्हीलला डायल इंडिकेटर (काट्याचं बारीक मोजमापाचं यंत्र) लावून इंजिन हाताने फिरवा आणि हाऊसिंगचं भोक क्रँकच्या मध्याशी किती जुळतंय ते वाचा. एकूण वाचन ५ थाउच्या, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशाच्या, आत आलं पाहिजे. नाही आलं तर ऑफसेट डॉवेल, म्हणजे मध्य सरकवलेल्या खुंट्या, लावून सरकवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर पायलट बेअरिंग आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट काही महिन्यांत आवाज करायला लागतो, आणि तेव्हा परत सगळं खाली काढावं लागतं. क्लच ट्रकचा घ्या, जोरदार स्प्रिंगचा.

बसवणं आणि बाकी जोडणी

इंजिन टांगून आत सोडा, बोल्ट न लावता, आणि ऑइल पॅनचा खोल भाग पुढच्या ॲक्सलच्या डिफवर (डिफरन्शियलच्या फुगीर भागावर) येतोय का बघा. सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेल्यावर जागा उरली पाहिजे, उभ्या गाडीत दिसते ती जागा खोटी. आदळत असेल तर पॅन बदला, ५३ सिरीजला पुढे खोल आणि मागे खोल अशी वेगवेगळी पॅनं मिळतात. माउंटिंग शक्यतो चासीला बोल्टने धरा, रबर घालून. पुढच्या पाट्यांना एक-दोन पाटे वाढवावे लागतात.

रेडिएटर जेवढा मोठा मावेल तेवढा, आणि पंख्याला बंदिस्त श्राऊड, म्हणजे भोवतीचं आवरण, घालाच. ही इंजिनं गरम झालेली अजिबात सहन करत नाहीत, लायनरला ओरखडे आणि हेडला तडा.

हवेच्या फिल्टरबाबत बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो. २१२ घनइंच प्रत्येक फेऱ्याला भरतात, म्हणजे २८०० ला नुसत्या मापानेच मिनिटाला ३४० घनफुटांहून जास्त हवा, आणि ब्लोअर त्याहून जास्त ढकलतो. एम३७ चा मूळ ऑइल-बाथ फिल्टर इथे पुरणार नाही. मध्यम ट्रकचा कोरडा फिल्टर लावा आणि त्याचं तोंड पाण्यापासून उंच घ्या. एक्झॉस्ट ४-५३ ला तीन इंची, कमी वळणं, मोकळा मफलर, कारण मागे दाब वाढला तर सिलिंडरमधला जळलेला वायू नीट बाहेर निघतच नाही.

डिझेलची एक लाइन इंजिनाकडे आणि एक टाकीकडे परत. परतीचं डिझेल भरपूर असतं, इंजेक्टर थंड करून गरम होऊन येतं, म्हणून ते टाकीत पिकअपपासून लांब सोडा. परतीच्या तोंडाला छोट्या भोकाचं फिटिंग असतं, ते हरवू नका, त्याच्यामुळेच हेडमध्ये दाब टिकतो. जस्ताचा मुलामा असलेले पाइप वापरायचे नाहीत, डिझेल आणि जस्ताचं पटत नाही. पेट्रोलची जुनी टाकी आतून नीट धुऊन, वाळवूनच वापरा.

ऑइल सिंगल ग्रेड ४०, सीएफ-२ (टू-स्ट्रोक डिझेलसाठीचा दर्जा), कमी राखेचं. मल्टिग्रेड घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. ब्लॉकच्या बाजूला एअरबॉक्सच्या बारीक निचऱ्याच्या नळ्या असतात, त्यातून थोडं थोडं काळं तेल ठिबकतं. ते ठिबकायलाच पाहिजे. नवीन मालक गॅरेजची फरशी खराब होते म्हणून त्या बंद करतो आणि मग तेल एअरबॉक्समध्ये साठून सिलिंडरमध्ये जातं. खाली छोटा डबा लटकवा, नळी उघडी ठेवा.

ब्रेक! एम३७ ला एकाच सर्किटचे ड्रम ब्रेक, बूस्टर नाही. वजन आणि वेग दोन्ही वाढवताय तर ड्युअल मास्टर सिलिंडर घाला. व्हॅक्यूमचा बूस्टर लावायचा विचार असेल तर या इंजिनाला व्हॅक्यूम मिळत नाही, पॉवर स्टेअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रोबूस्ट घ्यावा लागेल.

कागदपत्रांचं प्रत्येक राज्याचं वेगळं आहे. काम सुरू करायच्या आधी आपल्या राज्याच्या डीएमव्ही मध्ये, म्हणजे तिथल्या आरटीओत, जाऊन विचारून घ्या.

पहिल्यांदा चालू करताना

चालू करायच्या आधी ट्यूनिंग, आणि क्रम मोडायचा नाही: आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, मग इंजेक्टरची उंची गेजने, मग गव्हर्नरची गॅप, मग रॅक सगळ्या सारख्या लावणं, त्यानंतर कमाल वेग, आयडल, आणि शेवटी बफर स्क्रू, म्हणजे आयडल स्थिर ठेवणारा स्क्रू. इंजेक्टरच्या जातीप्रमाणे गेज बदलतो, त्यामुळे इंजेक्टरवरची खूण वाचून पुस्तकातलं माप घ्या. रॅक सारख्या लागल्या नाहीत तर एक सिलिंडर सगळं ओझं ओढतो आणि तोच आधी जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नेहमीचं बंद करणं गव्हर्नरच्या स्टॉप लिव्हरने, तो रॅक बंद करतो. पण रॅक अडकली, किंवा ब्लोअरच्या सीलमधून तेल आत जाऊन तेच जळायला लागलं, तर डिझेल तोडून काही होत नाही. मग हवाच तोडावी लागते. त्यासाठी ब्लोअरच्या तोंडावर इमर्जन्सी फ्लॅप असतो, स्प्रिंगचा, केबल ओढली की धाडकन बंद होतो. औद्योगिक इंजिनांवर बऱ्याचदा तो काढून टाकलेला किंवा गंजलेला असतो. फ्लॅप नसेल तर हे इंजिन चालू करू नका. फ्लॅप आहे, त्याची गॅस्केट चांगली आहे, केबल ड्रायव्हरच्या हाताला येते आणि ओढली की पूर्ण बसतो, हे बंद इंजिनावर पुन्हा पुन्हा करून बघा.

पहिल्या स्टार्टला फिल्टरचा पाइप काढून ठेवा आणि एका माणसाला ब्लोअरच्या तोंडाजवळ जाड प्लायवूडचा सपाट तुकडा घेऊन उभं करा. त्याचं काम एकच, आरपीएम चढत गेले तर फळी तोंडावर दाबायची. हात लावायचा नाही, कापड तर अजिबात नाही, कापड आत ओढलं जातं आणि रोटरमध्ये अडकतं. त्याला आधीच समजावून सांगा, कारण त्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही, हाताच्या खुणा ठरवून घ्या. कानात बोळे सगळ्यांनी घालायचे. इंजिन पेटायला मारतात तो ईथरचा फवारा भरभरून मारू नका, थंडीत अगदी थोडा.

डिझेल फिल्टर भरून घ्या, स्टॉप ओढून धरून स्टार्टरने ऑइलचा दाब चढेपर्यंत फिरवा, मग स्टॉप सोडा. पेटल्यावर पहिली नजर ऑइलच्या काट्यावर. रेस केल्यावर ४० ते ६० पीएसआय दिसले पाहिजेत. मग लगेच स्टॉप लिव्हरने बंद करून बघा, चटकन थांबलं तरच पुन्हा चालू करून गरम होऊ द्या. नुसतं मजा म्हणून फ्लॅपने बंद करू नका, चालू इंजिनावर तो बंद केला की ब्लोअरच्या मागे ओढ तयार होते आणि सीलमधून तेल आत खेचलं जातं, फ्लॅप फक्त खऱ्या गरजेला.

चालवताना

पेट्रोलच्या सवयीने लवकर वरचा गिअर टाकायचा नाही. रेस होऊ द्या, २६०० च्या पुढे जाऊ द्या, मग बदला. आयडलवर तासन् तास ठेवू नका, सिलिंडर थंड पडतात, डिझेल नीट जळत नाही आणि एक्झॉस्टमधून काळं ओलं गळायला लागतं.

आणि ऑफरोडवाल्यांनी हे नीट वाचा. खड्या चढावर गिअरमध्ये असताना इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे घरंगळली तर हे इंजिन उलटं फिरून चालू होऊ शकतं. चार-स्ट्रोक इंजिनात असं सहसा होत नाही, यात होतं. तेव्हा धूर एअर फिल्टरमधून येतो आणि ऑइल पंप उलटा फिरत असल्याने दाब शून्य. म्हणून बंद पडलं की ब्रेक आणि क्लच दोन्ही एकदम दाबा, गाडी मागे जाऊच देऊ नका. आणि फिल्टरमधून धूर दिसला तर क्षणभरही न थांबता स्टॉप ओढा.

पहिल्या काही शे मैलांनंतर गाडी एकदा खाली बसून तपासा. ब्लोअरचे बोल्ट, माउंटचे बोल्ट, पुढच्या पाट्यांचे यू-बोल्ट सैल होतात, पुन्हा आवळा. व्हॉल्व्ह कव्हर काढून त्या छोट्या डिझेल पाइपांचे सांधे कोरडे आहेत का बघा, आणि डिपस्टिकला डिझेलचा वास नाही ना याची खात्री करा. पहिलं ऑइल लवकर बदला. फ्लॅपची केबल मात्र इंजिन बंद असताना दर महिन्याला ओढून बघायची, धुळीने आणि चिखलाने तिचं आवरण जाम होतं, म्हणून तिला तेल द्या आणि फ्लॅप हाताने परत उघडून लॅच नीट बसलाय ना ते बघूनच बॉनेट लावा.